ख्रिस्त बदलत नाही, मग हे कसं बदललं?

२०१६ सालचा पवित्र गुरुवार, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करण्याचा दिवस. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, वेदीपुढच्या बाकावर पाय धुऊन घ्यायला बारा जण बसले होते आणि त्यांत पाच बायका होत्या. तोवर हा बाक फक्त पुरुषांचा. त्या वर्षी जानेवारीत रोमहून नियम बदलल्याचं पत्रक आलं होतं: पाय धुण्यासाठी देवाच्या प्रजेतलं कुणीही चालेल, बाई असो की बाप्या, म्हातारा असो की पोरगं. फादर तांब्या, परात आणि टॉवेल घेऊन एकेकापुढे गुडघे टेकत सरकत होते. आठव्या जागी बसलेली बाई पहाटेच्या गाडीने पालेभाजीच्या पाट्या घेऊन दादरला जाते. फादर समोर आले तसा तिने पाय मागे ओढला आणि साडीच्या निऱ्यांत लपवला. टाचेला भेगा होत्या आणि भेगांत माती बसलेली. फादर तांब्या धरून तसेच थांबले. बऱ्याच वेळाने पाय बाहेर आला.

मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर अंगणात आमच्या नात्यातल्या एका काकांनी मला गाठलं. काका दर रविवारी न चुकता येणारे, तोंडपाठ वचनं असणारे. म्हणाले, “येशू ख्रिस्त काल, आज व युगानुयुग सारखाच आहे, असं तुम्हीच वाचता ना? त्याने बारा पुरुषांचे पाय धुतले. ख्रिस्त बदलत नाही, मग हे कसं बदललं?”

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्येच रोमच्या बालसुधारगृहात मुलींचे पाय धुतले होते, त्यांतली एक मुसलमान होती, वगैरे. काकांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. पोपने केलं म्हणून बरोबर, हे काही उत्तर नव्हे. प्रश्न मात्र डोक्यात राहिला, कारण नंतर तो मला वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येत गेला. उपासनेत ढोलकी आली की हा प्रश्न येतो, वेदीवर मुली सेवा करायला लागल्या की येतो, मंडळीच्या कारभारात तरुणांनी हिशेब विचारला तरी येतो. काकांनी म्हटलेलं ते वचन, म्हणजे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं आठवं, आपल्याकडे हातब्रेकसारखं वापरलं जातं. गाडी जरा हलली की ओढा.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ख्रिस्त बदलत नाही यावर ज्याचा खरोखर विश्वास आहे, त्याला ‘आमची रीत बदलणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार सगळ्यांत कमी उरतो.

हे वचन एकटं काढून भिंतीवर लावलं जातं, कॅलेंडरवर छापलं जातं, म्हणून त्याचे शेजारी कोण ते आपण विसरतो. हे पत्र ज्यांना लिहिलं ते लोक दमलेले होते. छळ सोसून झाला होता, मालमत्ता लुटली गेली होती, पहिला उत्साह ओसरला होता. लिहिणारा कोण ते ठाऊक नाही. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन म्हणून गेला की ते देवालाच माहीत. आठव्या वचनाच्या आधीचं वचन सांगतं, ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला ते पाहा. म्हणजे ते पुढारी आता नाहीत. पुढारी गेले, येशू तोच आहे, असा हा सांधा आहे. पुढे चार-पाच ओळींवर लेखक म्हणतो, येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, तर आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ या, कारण इथे आपल्याला कायमचं नगर नाही. आपण ज्या वचनाने दार लावून घेतो, ते मुळात तंबू मोडून बाहेर पडा म्हणणाऱ्या मजकुरात बसलेलं आहे.

आता तो ‘सारखाच’ शब्द. मराठीत सारखा म्हणजे एकासारखा दुसरा, नक्कल जुळावी तसा. ‘सारखा’ म्हणजे एकसारखा, न थांबता, असंही आहे. पोरगं सारखं रडतं. मूळ ग्रीकमध्ये शब्द साधा आहे, त्याचा अर्थ ‘तोच’. येशू ख्रिस्त काल आणि आज तोच, आणि युगानुयुग. या दोन शब्दांत फरक आहे आणि तो बारीक नाही. तीस वर्षांनी शाळासोबती एसटी स्टँडवर भेटतो. केस गेलेले, पोट सुटलेलं, कानात यंत्र. आपण म्हणतो, “अरे, तू तोच ना?” तो सारखा अजिबात राहिलेला नसतो, पण तोच असतो. मग चहा पिताना तो आपल्या बापाच्या आजारपणाची चौकशी करतो, जशी तेव्हा करायचा, आणि आपण मनात म्हणतो की हा बदलला नाही. हे म्हणताना त्याच्या केसांचा विचारही आपल्या मनात नसतो.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या भाषेच्या श्रीमंतीतून आलेली आहे. न बदलणारा देव म्हटलं की आपल्या कानात लगेच गीतेचा दुसरा अध्याय वाजतो: नित्य, स्थाणु, अचल, अविकार्य. जे कापता येत नाही, जळत नाही, भिजत नाही, ज्याला काही होतच नाही. मराठी ख्रिस्ती प्रवचनांतही ‘निर्विकार’ हा शब्द सहज येऊन बसतो. पण बायबल देवाच्या न बदलण्याबद्दल बोलतं तेव्हा सूर वेगळा असतो. मलाखीच्या ग्रंथात परमेश्वर म्हणतो, मी बदलणारा नाही, म्हणूनच याकोबाच्या वंशजांनो, तुम्ही नष्ट झाला नाहीत. त्या ‘म्हणूनच’कडे पाहा. लोक शब्द मोडत होते, देव मोडत नव्हता, म्हणून लोक वाचले. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही हेच: आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. याला मराठीत शब्दाला जागणं म्हणतात. निर्विकार माणूस शब्दाला जागत नाही, त्याला शब्द द्यायची गरजच पडत नाही.

आपल्या मातीत याच्या जवळ जाणारं चित्र शोधायचं तर मी गीतेपेक्षा पंढरपूरला जाईन. युगे अठ्ठावीस विटेवर उभा असलेला विठ्ठल कशासाठी उभा आहे? पुंडलिकाने आईबापांची सेवा आटपेपर्यंत थांब म्हटलं, म्हणून. त्याच्या हालचाल न करण्यामागे कुणाची तरी वाट पाहणं आहे. तुलना इथेच थांबवतो, ख्रिस्ती श्रद्धा आणि वारकरी श्रद्धा एकच आहेत असं मला सुचवायचं नाही. नारायण वामन टिळक मात्र तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो म्हणत, तेव्हा त्या पुलाखालून कोणतं पाणी वाहत होतं याची मला थोडी कल्पना येते.

ख्रिस्त बदलू शकतो का, हा प्रश्न ख्रिस्तसभेने एकदा अगदी रोखठोक विचारला होता. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात आरियस नावाचा धर्मगुरू होता. त्याची शिकवण अशी की पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सगळ्या निर्मितीत थोर, पण निर्मितीच. त्याचा बिशप अलेक्झांडर एका पत्रात लिहितो, की या लोकांना कुणीतरी विचारलं, देवाचा शब्द, म्हणजे पुत्र, सैतान बदलला तसा बदलू शकेल का? आणि ते म्हणाले, हो, शकेल. विरोधकाने सांगितलेली गोष्ट आहे, जरा सावधपणेच घ्यावी. पण वाद कशाचा होता ते तिच्यातून एका झटक्यात कळतं. जो आज चांगला आहे पण उद्या पालटू शकतो, त्याच्या हातात आपलं तारण द्यायचं का? ३२५ मध्ये निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशप जमले आणि त्यांनी आपल्या मतांगिकाराच्या, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीच्या, शेवटी, देवाचा पुत्र पालटणारा किंवा बदलणारा आहे असं म्हणणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत बहिष्कृत केलं.

गंमत पुढे आहे. हा न बदलणारा ख्रिस्त सांगायला त्यांनी जो शब्द वापरला, पुत्र पित्याशी ‘एकाच तत्त्वाचा’, तो बायबलमध्ये कुठेच नाही. विरोधक तेव्हा हेच ओरडत होते: शास्त्रात नसलेला नवा शब्द कशाला? जुनेच शब्द ठेवा. पण जुने शब्द आरियसही हसत हसत म्हणू शकत होता. ख्रिस्त तोच राहावा म्हणून बोलणं बदलावं लागलं. आणि या नव्या शब्दाची पाठराखण करणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला, तेव्हा न बदलण्याचा अर्थ निवांत बसणं असा त्याला तरी वाटला नसणार.

मग शुभवर्तमानातला येशू? तो तर बदलतो. लूक सांगतो की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. इब्री पत्र स्वतःच म्हणतं की पुत्र असूनही दुःख सोसून तो आज्ञापालन शिकला. लाजराच्या थडग्याशी तो रडला. ४५१ साली खाल्सेदोन इथल्या बिशपांच्या सभेने हा गुंता एका वाक्यात धरला: एकच ख्रिस्त, दोन स्वभावांत, मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. चार नकार ओळीने. ईश्वरी स्वभाव मानवी होताना ईश्वरीच राहिला, मानवी स्वभाव खरोखर मानवी राहिला, म्हणजे वाढणारा, दमणारा, शिकणारा. आता ‘एकाच वेळी दोन्ही कसं’ यावर पुढची दीडेक हजार वर्षं विद्वान लिहीत आले आहेत. त्या रानात मी शिरत नाही.

पण मार्कच्या सातव्या अध्यायातली ती बाई मला सोडत नाही. परक्या जातीची, सुरफुनीकी. मुलगी आजारी म्हणून पाया पडते. येशू म्हणतो, लेकरांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही. हे वाक्य वाचताना आजही आवाज खाली येतो. आणि ती म्हणते, खरं आहे प्रभू, पण मेजाखालची कुत्री लेकरांच्या हातून पडलेला चुरा खातातच की. येशू म्हणतो, या तुझ्या बोलण्यामुळे जा, तुझ्या मुलीतून भूत निघालं आहे. काही भाष्यकार म्हणतात त्याने तिची परीक्षा पाहिली, काही म्हणतात त्याने खरंच आपलं म्हणणं बदललं. मला दुसरी बाजू पटते, पण माझ्या मुद्द्याला पहिलीही चालते. दोन्हींत त्याने उत्तर बदललं. जे बदललं नाही ते हे की दारात आलेली बाई रिकाम्या हाती परत गेली नाही. तो ‘तोच’ होता म्हणूनच ते पहिलं वाक्य टिकू शकलं नाही.

आता रीत आणि ख्रिस्त यांची टक्कर प्रत्यक्ष झाली तेव्हा काय घडलं, याचं एक उदाहरण देतो. ते तंजावरचं आहे, म्हणजे मराठ्यांच्याच राज्यातलं. तिथे श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी १७९८ मध्ये वारले. राजे दुसरे सरफोजी त्यांना पित्याच्या जागी मानत. त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून श्वार्ट्झ यांचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. या जुन्या मिशनऱ्यांनी तामिळ मंडळ्यांत जात चालवून घेतली होती. चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, प्रभुभोजनाला आधी कोण नि नंतर कोण तेही ठरलेलं. पुढे १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढलं, की मंडळीतला जातिभेद निखालस, ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे. तंजावर, त्रिचनापल्ली, मद्रासच्या वेपेरी भागात हलकल्लोळ झाला. पुष्कळ जण मंडळी सोडून गेले. सरफोजींच्या आश्रयाला असलेले ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री यांनी तर विल्सन यांच्या पत्राच्या आधीच जातिरीतीच्या बाजूने लिहिलं होतं. त्यांचा युक्तिवाद आजच्यासारखाच ओळखीचा: श्वार्ट्झ यांनी हे चालू दिलं, तुम्ही कालचे आलेले कोण?

ते पुढाऱ्यांची आठवण ठेवत होते, इब्री पत्राने सांगितलं त्याप्रमाणेच. फक्त सातवं वचन पाळताना आठवं विसरले. श्वार्ट्झ गेले, ख्रिस्त तोच आहे, आणि तो कोडी माणसाला हात लावणारा आणि शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागणारा आहे. तो काल तसा होता, तर आज तंजावरच्या बाकांकडे पाहून त्याचं मत बदललं असेल का? त्या वादात न बदलणारा ख्रिस्त बाक मोडणाऱ्यांच्या बाजूने होता. आणि तामिळ लोकांकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. गोव्यात कित्येक चर्चच्या कॉन्फ्रारियांवर, म्हणजे भाविकांच्या बंधुसंघांवर, जातींचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि आमच्याकडे लग्नाची स्थळं पाहताना काय काय विचारलं जातं ते मी इथे लिहीत नाही.

भाषेचंही असंच. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूने, १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठी भाषा, रोमन अक्षरं. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना त्याने ख्रिस्ताची कथा पुराणाच्याच चालीत दिली. पुढे १६८४ मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी. या दोघांत न बदलणाऱ्या ख्रिस्तावर विश्वास कुणाचा जास्त होता? मला वाटतं स्टीफन्सचा. ओवीत घातल्याने ख्रिस्त विरघळून जाईल अशी भीती त्याला नव्हती. जो आपल्या देवाला एकाच भाषेत जपून ठेवतो, त्याला मनातून वाटत असतं की हा देव हवापालट सोसणार नाही.

माझी आजी लॅटिन मिस्सेच्या काळातली. फादर पाठमोरे, मंत्र लॅटिनमध्ये, आजी आपली रोझरीचे मणी ओढत बसलेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला दार उघडलं आणि काही वर्षांत आमच्याकडे मिस्सा मराठीत आली, फादरांनी तोंड लोकांकडे केलं. आजीला ते कधी पूर्ण मानवलं नाही. ती म्हणायची, “आता सगळं कळतं, म्हणून लक्ष लागत नाही.” मला तिचं हे वाक्य फार खरं वाटतं. बदलाची किंमत असते, आणि ती बहुधा म्हाताऱ्या माणसांकडून वसूल केली जाते. काकांच्या प्रश्नातही थोडं हे होतं. बाई बाकावर बसली याच्या रागापेक्षा आपलं ओळखीचं घर कुणीतरी न विचारता रंगवलं याचं दुःख.

आता काकांच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मांडायला हवा, नाहीतर हा लेख लबाड ठरेल. कॅथलिक ख्रिस्तसभा स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा देत नाही. १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी लिहिलं की ख्रिस्ताने बारा प्रेषित पुरुषच निवडले, आणि त्याने घालून दिलेलं बदलण्याचा अधिकार ख्रिस्तसभेलाच नाही. हा हातब्रेकवाला युक्तिवाद नव्हे. यात नम्रता आहे: आम्ही मालक नाही, कारभारी आहोत. आणि हे पथ्य सोडलं तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. प्रत्येक काळ आपल्या मापाचा ख्रिस्त शिवून घेतो. साम्राज्याला सेनापती ख्रिस्त हवा असतो, व्यापाऱ्याला भरभराट देणारा, क्रांतिकारकाला बंदूकवाला. ‘तोच’ हा शब्द या शिवणकामाला आडवा येतो, आणि यावाच.

तरीही त्या युक्तिवादात मला एक भोक दिसतं. त्याने बारा पुरुष निवडले तसे ते बाराही यहुदी निवडले. यहुदी असणं पुढे कुणी अट धरली नाही. पहिल्या पिढीतच ती गळून पडली, भांडणं होऊन गळली. मग त्याच्या कृतीतलं काय ‘तो’ आहे आणि काय त्याच्या काळाचं, हे कुणीतरी ठरवतंच. माझ्या ख्रिस्तसभेने या बाबतीत तिच्या परीने ठरवलं आहे, मी तिच्यात राहतो आणि मला ते पटलेलं नाही. १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, तिथे आज स्त्रिया दीक्षित पाळक आहेत. त्यांचा ख्रिस्त वेगळा आहे असं मला म्हणवत नाही, आणि काकांनाही म्हणवलं नाही, मी विचारून पाहिलं.

पाय धुण्यापुरतं मात्र उत्तर मला सापडलं, जरा उशिरा. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. बाराव्या अध्यायात, थोड्याच दिवसांपूर्वी, बेथानीची मरिया त्याच्या पायांना सुगंधी तेल लावते आणि आपल्या केसांनी पुसते. घरात वास भरून राहतो, यहूदा खर्चाबद्दल कुरकुरतो, येशू म्हणतो तिला राहू दे. पाय धुऊन पुसणं तो त्या बाईकडूनच शिकला की काय, असं मला कधीकधी वाटतं. मी हे काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पण तिने त्याचे धुतले.” मग हसले.

गुरुवारनंतर दोन दिवसांनी पास्काची, म्हणजे ईस्टरच्या आदली, रात्र येते. दिवे बंद करून चर्चबाहेर आगटी पेटवतात आणि फादर त्या वर्षीच्या मोठ्या मेणबत्तीवर आधी क्रूस कोरतात, मग वर अल्फा, खाली ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. ख्रिस्त काल आणि आज, आदी आणि अंत, काळ त्याचाच आणि युगंही त्याचीच, असं म्हणत म्हणत. शब्द दर वर्षी तेच, आकडे दर वर्षी नवे, आणि एकावाचून दुसरं म्हणता येत नाही. आमच्याकडे आकडे कोरत नाहीत, लाल मेणाचे तयार मिळतात, ते गरम करून चिकटवतात. अंधारात, वाऱ्यात, विजेरीच्या उजेडात हे काम करायचं असतं आणि गेली काही वर्षं ते काकांकडे आहे. २०२५ चा पाच जरा वाकडा लागला होता.